डाग धरणारा वाडगा

नवऱ्याला जपानी वाडग्यांचं वेड लागलं तेव्हा आमच्या बर्मिंगहॅमच्या घरात आधीच पुरेशी संकटं होती. घर गरम ठेवणारा बॉयलर मनाला येईल तेव्हा बंद पडायचा. माझ्या हॉस्पिटलमधल्या ड्यूट्या कुणीतरी सूड उगवायला लावल्यासारख्या होत्या. आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले माझे बाबा वरच्या खोलीतून खाली उतरायला तयार नव्हते. शहाण्या माणसाने अशा वेळी बॉयलरवाल्याच्या मागे लागायचं असतं. माझ्या नवऱ्याने मंगळवार संध्याकाळचा क्लास लावला.

क्लास घेणारा म्हातारा इंग्रज होता. सत्तरी उलटलेला, एकटा राहणारा, आमच्या बसच्या शेवटच्या स्टॉपजवळ घर, घरामागे शेड आणि शेडमध्ये छोटी भट्टी. तरुणपणी तो जपानला गेला होता आणि एका कुंभाराच्या घरी राहून वर्षानुवर्षं फक्त चहा पिण्याचे वाडगे करायला शिकला होता. फुलदाण्या नाहीत, थाळ्या नाहीत, फक्त वाडगे. त्या कुंभाराच्या घरात बापाकडून मुलाकडे पिढ्यानपिढ्या एवढं एकच काम चालत आलेलं होतं. हे ऐकून नवरा भारावला. मला प्रश्न पडला की इतक्या पिढ्यांत एकालाही कपाला कान लावायचं कसं सुचलं नाही.

मग घरात वाडगे येऊ लागले. चाकावर नाही, मांडीवर मातीचा गोळा घेऊन दोन्ही हातांनी दाबत दाबत करायचे, बांबूच्या पातीने तासायचे, भाजायचे आणि लालबुंद असतानाच लांब चिमट्याने भट्टीतून बाहेर काढायचे, अशी ती पद्धत. नवरा दिवसभर बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या लोकांच्या चुका शोधायचा आणि मंगळवारी स्वतःच्या घेऊन घरी यायचा. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, अशी एकेका वाडग्याची गत. डिशवॉशरमध्ये ते मावत नसत, कपाटात एकात एक बसत नसत. एक टीव्हीवर, एक जिन्याच्या पायरीवर, एकात किल्ल्या. पाहुण्यांना त्यातून चहा दिला की बिचारे या हातातून त्या हातात करत बसायचे. बाबांनी पहिला वाडगा पाहिला तेव्हा गंभीरपणे विचारलं, "जावईबापू, माधुकरी मागायला जायचंय का?"

नवऱ्याला वाटायचं, जपानी वाडगा म्हणजे वाकडाच हवा. म्हणून तो मुद्दाम कड वाकवायचा, बोटांचे ठसे ठेवायचा. एका मंगळवारी म्हाताऱ्याने त्याचे सुकायला ठेवलेले सगळे वाडगे उचलले आणि पाण्याच्या बादलीत टाकले. माती परत माती झाली. वाकडं करायचं नसतं, म्हातारा म्हणाला, सरळ करायचा जीव तोडून प्रयत्न करायचा. हात माणसाचा आहे, वाकडं व्हायचं तेवढं होतंच. नवरा पडलेल्या चेहऱ्याने घरी आला. बाबांना मात्र हे ऐकून म्हाताऱ्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

कारण बाबा सरळ रेषेचा माणूस. पाटबंधारे खात्यात त्यांनी आयुष्यभर नकाशे काढले. धरणं, कालवे, पाटाच्या चाऱ्या, सगळं काळ्या शाईत, आणि एकदा ओढलेली रेघ पुन्हा खोडायची नाही. पट्टी न लावता त्यांनी मारलेली रेघ मी लहानपणी पट्टी लावून तपासायचे आणि हरायचे. तोच हात आई जाण्याच्या आधी थोडा थोडा थरथरू लागला आणि ती गेल्यावर थरथर फार वाढली. मी डॉक्टर आहे, सगळं तपासून घेतलं होतं. कंपवात नव्हता. हात मांडीवर ठेवला की शांत असायचा, काही उचलायला गेला की थरथर सुटायची. यावर गोळ्या आहेत. बाबांनी त्या काही दिवस घेतल्या आणि झोप येते म्हणून सोडल्या. दुसऱ्या दिल्या, त्या तोंड कडू होतं म्हणून सोडल्या. हॉस्पिटलमध्ये अनोळखी माणसं माझं ऐकतात, हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता.

खरा घोटाळा चहाचा होता. पुण्यात रोज संध्याकाळी पाचला ते घराजवळच्या अमृततुल्यमध्ये जायचे. तिथे त्यांचे तीन मित्र यायचे. बाबा बशीत ओतून चहा प्यायचे, जन्मभर. एक दिवस बशी हिंदकळली आणि चहा एका मित्राच्या पांढऱ्या लेंग्यावर सांडला. दुसऱ्या दिवशी त्या मित्राने काही न बोलता बाबांचा चहा बशीत ओतला आणि बशी त्यांच्या तोंडापुढे धरली. त्यानंतर बाबांनी ॲसिडिटी झाल्याचं जाहीर केलं, चहा सोडला आणि तिथे जाणंही सोडलं. हे मला त्या मित्रानेच फोनवर सांगितलं. बाबांनी स्वतः सांगितलं असतं तर जगबुडी झाली असती.

म्हणून मी त्यांना इकडे बोलावलं होतं. पण सहा महिन्यांनी ते परत जाणारच होते, आई नसलेल्या त्या फ्लॅटमध्ये. पाच वाजता ते त्या चहाच्या दुकानात गेले नाहीत तर दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. मला बाकी काही नको होतं. हात बरा होणार नाही हे मला कळत होतं. परत गेल्यावर बाबांनी चार माणसांत बसून चहा प्यावा, एवढंच हवं होतं.

हॉस्पिटलमध्ये हात थरथरणाऱ्या पेशंटसाठी खास कप असतात, दोन कानांचे, वर झाकण आणि झाकणाला चोच. मी त्यातला एक मिळवून आणला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला, चोचीवर बोट फिरवलं.

"हे बोंडलं आहे," ते म्हणाले. "यातून तुला दूध पाजलंय आम्ही."

"बाबा, प्लीज, ट्राय तरी करा. इकडे सगळे वापरतात."

"सगळ्यांनी वापरावं."

कप कपाटात सगळ्यात मागे गेला. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला, कोणाच्या वाढदिवसाला, घरी कोणी आलं तर, बाबांचं उत्तर ठरलेलं. मी चहा घेत नाही. मग पाहुणे आग्रह करायचे, कारण चहा नको म्हणणारा मराठी माणूस कोणाला खरा वाटत नाही. आग्रह वाढला की बाबा वर निघून जायचे.

एकदा रात्रपाळी संपवून मी सकाळी घरी आले. बाबा स्वयंपाकघरात होते, दाराकडे पाठ. ओट्यावर अर्धा भरलेला कप होता. दोन्ही हातांनी त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली होती आणि खाली वाकून, कपाला हात न लावता, तोंडाने चहा ओढत होते. माझी चाहूल लागल्यावर सरळ झाले. मिशीला चहा लागलेला होता. तरी म्हणाले, "तुझ्यासाठी करून ठेवला होता. मी तर सोडलाय." ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. मी भयंकर चिडले. वर जाऊन बाथरूमचा नळ सोडला आणि रडले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बॉयलर पुन्हा गेला. बॉयलरवाला म्हणाला, सोमवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान येईन, आणि हे त्याने अशा थाटात सांगितलं की जणू वेळच दिली. त्याच दुपारी क्लासच्या म्हाताऱ्याने विद्यार्थ्यांना आणि घरच्यांना जपानी पद्धतीच्या चहाला बोलावलं होतं. मी जाणार नव्हते. पण घरात श्वासाची वाफ दिसत होती आणि त्या म्हाताऱ्याकडे निदान हीटर होता. बाबांना दोन स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून बसमध्ये बसवलं. चहा घ्यायची जबरदस्ती होणार नाही, असं मी त्यांना वचन दिलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तिथे जबरदस्तीशिवाय दुसरं काही नसतं हे त्याला माहीत होतं.

खोलीत चटया होत्या. बाबांचे गुडघे पाहून म्हाताऱ्याने त्यांना ठेंगणी खुर्ची दिली. आधी प्रत्येकाच्या हातात एकेक गोड वडी आली. मग म्हातारा गुडघ्यांवर बसून एकेकाचा चहा करू लागला. हिरवी पूड, गरम पाणी, बांबूच्या छोट्या रवीने घुसळून वर फेस. एकाचा चहा होईपर्यंत बाकी सगळे गप्प. मला पंधरा मिनिटांत तीन वेळा घड्याळ पाहावंसं वाटलं. एवढ्या वेळात मी घरी बारा माणसांचा चहा करून भांडीही घासली असती.

सगळ्यात वयस्कर पाहुणे बाबा, म्हणून पहिला मान त्यांचा आणि वाडगाही म्हाताऱ्याचा स्वतःचा. जपान सोडताना त्याच्या गुरूने तो दिला होता. फिकट गुलाबी-पांढरा, जाड, बुडाशी जड, आणि आतबाहेर सगळीकडे केसासारख्या बारीक भेगांची जाळी. ती जाळी चहाने तपकिरी झालेली. बाबा माझ्याकडे झुकून मराठीत पुटपुटले, "भांडं बघ या माणसाचं. तडे गेलेत, डाग पडलेत. घरात बाई नाही वाटतं."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर म्हाताऱ्याने वाडगा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि कसा धरायचा ते दाखवलं. डावा तळवा खाली, उजवा हात बाजूने वेढून, कोपरं अंगाशी. बाबांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, वाडगा उचलला.

हात थरथरले. थरथरणारच होते. पण वाडगा जड होता, दोन्ही हातांत गच्च बसला होता, आणि चहा तळाशी जेमतेम तिसरा हिस्सा होता. तो आतल्या आत फिरला, वाडग्याच्या काठापर्यंतही आला नाही. बाबा तीन घोटांत प्यायले. मग पद्धतीप्रमाणे रिकामा वाडगा सगळ्यांनी पाहायचा असतो. म्हणून तो हातोहात फिरला. लोक त्याच्या आत डोकावत होते, उलटा करून खालची बैठक पाहत होते, काठावरून अंगठा फिरवत होते. प्रत्येकाचीच तऱ्हा तीच, दोन्ही हातांनी धरायचं, जपून उचलायचं आणि भांड्याकडे बघायचं. बाबांच्या हातांकडे त्या खोलीत कोणीही पाहिलं नाही.

"कारल्याचा रस आहे," बाबा मला म्हणाले आणि म्हाताऱ्याला इंग्रजीत विचारलं, की आणखी मिळेल का.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आधी संताप आला. दोन वर्षं मी गोळ्या, व्यायाम, जड चमचे, दोन कानांचे कप घेऊन या माणसाच्या मागे धावत होते, आणि शेवटी चाललं काय, तर एका इंग्रजाकडचं बिनकानाचं जपानी मडकं.

आता नवऱ्याचे वाडगे घरात ढिगाने होते, त्यातला एखादा घ्यावा की नाही? नाही. ते हलके आहेत, बूड नीट नाही, रेघ चुकली आहे. बाबांना तोच वाडगा हवा होता आणि तो म्हाताऱ्याकडेच होता. म्हणून दर मंगळवारी ते नवऱ्याबरोबर बसने जाऊ लागले. हिरव्या चहाच्या जागी आलं घातलेला, दुधासाखरेचा, उकळून केलेला चहा आला. बाबा खिशात आल्याची पुडी घेऊन जायचे. म्हाताऱ्याने पहिल्यांदा तो चहा आपल्या गुरूच्या वाडग्यात ओतला जाताना पाहिला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले, असं नवऱ्याने सांगितलं. पण पाहुण्याला नाही म्हणायचं नाही हा त्याचा नियम होता. क्लासची सगळी मंडळी मध्ये थांबून चहा प्यायची आणि बाबा त्यांच्यात बसायचे, रेघ सरळ असणं म्हणजे काय यावर म्हाताऱ्याशी वाद घालत. घरीही खाली उतरू लागले. बॉयलर कसा दुरुस्त करावा हे बॉयलरवाल्याला सांगू लागले. मला वाटलं, जमलं.

मार्चमध्ये एका मंगळवारी भट्टी लावायची होती, म्हणून म्हातारा आणि नवरा दोघं शेडमध्ये अडकले. बाकीची मंडळी चहा पिऊन गेली होती, बाबा घरात एकटे. त्यांनी सगळ्यांचे कप गोळा केले. आपलं उष्टं आपण विसळायचं, हे त्यांचं तत्त्व. सिंकखाली त्यांना धुण्याचा सोडा सापडला. मग त्यांनी किटलीभर पाणी उकळलं, सोडा घातला आणि तो वाडगा त्यात बुडवून ठेवला. नंतर घासणीने आतून, बाहेरून, खालून घासला. पुन्हा सोड्यात ठेवला, पुन्हा घासला. हात थरथरत असताना. तासाभराने ते दोघं आत आले तेव्हा वाडगा टेबलावर पालथा घातलेला होता. नवा कोरा. एकाही भेगेत रंग उरला नव्हता. बाबा बाजूला उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, नवरा म्हणाला, बक्षीस समारंभातल्या मुलाचं हसू होतं.

म्हातारा म्हणाला, वाडगाच तर आहे. मग पुन्हा म्हणाला, वाडगाच तर आहे. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा नवऱ्याने बाबांचा कोट घेतला आणि त्यांना घेऊन तडक बसस्टॉप गाठला. इंग्रज माणूस काहीच बिघडलं नाही असं तीनदा म्हणाला, तर तिथे थांबायचं नसतं, एवढं आम्ही या देशात शिकलो होतो.

बसमध्ये त्याने बाबांना समजावून सांगितलं. ते डाग नव्हते, तो वाडग्याचा रंग होता. असा वाडगा भट्टीतून निघतो तेव्हा अर्धाच झालेला असतो. उरलेला चहा पिणारा माणूस करतो. चहा भेगांत मुरत जातो आणि वर्षावर्षाने वाडगा बदलतो. त्या जपानी गुरूने थोडा केला होता, पुढे म्हाताऱ्याने चाळीस वर्षं रोज त्यातून पिऊन केला. बाबा पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिले. घरी येऊन मला म्हणाले, "तिकीट अलीकडचं करून घे. मला परत जायचंय."

"कुठे परत? काय करणार आहात तिथे? भिंतीकडे बघत बसणार?" मी ओरडले. ओरडायला नको होतं, पण मी दमले होते. "आणि दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, नवऱ्याचा एक वाडगा बाजूला सरकवून.

"त्याची बायको नाही," ते म्हणाले. "दर मंगळवारी दहा माणसं येतात, भांडं हातात घेऊन निरखून बघतात. मला वाटलं, हे डाग बघून लोक त्याला काय म्हणत असतील. तुझी आई शनिवारी कप सोड्यात घालायची. ती गेल्यावर मी घालतो. आपल्या घरी जाऊन बघ. एका कपाला डाग नाही."

मग ते वर गेले. खालून हाक मारली की भूक नाही म्हणायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण त्या दिवसांत त्यांच्यात पीळही दिसेना आणि तेच मला सहन होत नव्हतं.

दोन दिवसांनी मी ड्यूटीवरून परस्पर म्हाताऱ्याकडे गेले. डब्यात बेसनाचे लाडू होते आणि बसमध्ये मी माफीची वाक्यं पाठ करत होते. त्याने दार उघडलं. आत टेबलावर तो पांढरा वाडगा मध्यभागी ठेवलेला आणि त्याची खुर्ची त्याच्यासमोर, म्हणजे दिवसभर बसून तो त्याच्याकडे बघत होता. ते पाहून माझी सगळी वाक्यं गेली. आमच्या घरी एक म्हातारा भिंतीकडे बघत बसलेला आणि इथे दुसरा वाडग्याकडे. मी उभ्या उभ्या त्याला सगळं सुनावलं. हात, लेंगा, बशी, अमृततुल्य, बोंडलं, ओट्यावर वाकून पिणं, आईचा शनिवारचा सोडा. तुमच्या वाडग्याचा रंग गेला याचं मला वाईट वाटतं, मी म्हणाले, पण माझ्या वडिलांनी दोन वर्षांत पहिल्यांदा माणसांत बसून चहा प्यायला तो याच वाडग्यातून, आणि आता ते कशातूनच पिणार नाहीत.

त्याने डबा घेऊन टेबलाच्या कडेला ठेवला. मी चिडलेलो नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल, एवढं म्हणाला. लाडवाला हात लावला नाही. मी निघताना त्याने फक्त विचारलं, की त्या चहाच्या दुकानात एकूण किती जण जमतात. मी म्हटलं, आता तीन.

रविवारी तो आमच्या दारात उभा. कोट, टाय, हातात कापडात गुंडाळलेला वाडगा. मी बाबांना खाली बोलावलं. माफी मागायची वेळ आली असं समजून ते शर्ट खोचून, केस विंचरून आले. म्हाताऱ्याने वाडगा त्यांच्यापुढे ठेवला. बाबांनी हात जोडले.

"हे प्रेझेंट नाही," तो करड्या आवाजात म्हणाला. "याला रंग चढायला मला चाळीस वर्षं लागली. आणखी चाळीस माझ्याकडे नाहीत. स्वच्छ तुम्ही केलात, आता रंगवायचाही तुम्हीच. रोज चहा, न चुकता. धुवायचा साध्या पाण्याने. आणि एकट्याने बसून प्यायचा नाही. एकट्याने प्यायलं की रंग नीट धरत नाही."

हे शास्त्र मला नवीन होतं. चहा भेगेत मुरताना समोर किती माणसं बसली आहेत हे चहाला कसं कळतं, असं मी एरवी विचारलं असतं.

"किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"मी पुरे म्हणेपर्यंत. दर महिन्याला मला फोटो हवा."

बाबांनी विचार केला. भेट म्हणून दिला असता तर त्यांनी घेतला नसता. मदत म्हणून दिला असता तर बोंडल्याशेजारी कपाटात गेला असता. पण ही शिक्षा होती, आणि शिक्षा टाळणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "चूक माझीच आहे," ते म्हणाले आणि वाडगा दोन्ही हातांनी उचलून घेतला. म्हातारा जाताना मला म्हणाला, लाडू फार गोड होते. म्हणजे नंतर खाल्ले होते.

बाबा ठरल्या तारखेलाच परत गेले. वाडगा हँडबॅगमध्ये, माझ्या दोन शालींत गुंडाळून. तेव्हा पुण्याला फोन करायचा तर कार्ड खरवडून लांबलचक नंबर दाबावे लागायचे. मी दर रविवारी ते करायचे आणि बाबा दर रविवारी कुरकुरायचे. त्या वाडग्यापायी रोज संध्याकाळी बाहेर पडावं लागतं. चहावाला अर्धाच ओत म्हटलं तर भांडतो. मित्रांनी पहिल्या दिवशी टर उडवली. फोटो एका मित्राची सून काढून मेल करायची, नवरा छापून मंगळवारी म्हाताऱ्याकडे न्यायचा. म्हातारा चष्मा वर करून बघायचा आणि एकच उत्तर द्यायचा. अजून नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी पुण्याला गेले. पहिल्याच संध्याकाळी, पाचला पाच कमी असताना, बाबांनी खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि मला म्हणाले, यायचं तर चल, मला उशीर होतोय. दुकानात तिघं मित्र आधीच बाकावर होते. चहावाल्याने न विचारता वाडग्यात अर्धा कप ओतला. बाबांनी कोपरं अंगाशी घेतली, डावा तळवा खाली धरला आणि माझ्या आईच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा मी त्यांना त्यांच्या माणसांत बसून चहा पिताना पाहिलं. हात थरथरतच होते. पिऊन झाल्यावर वाडगा फिरला. लेंगेवाल्या मित्राने तो उजेडाकडे धरला आणि म्हणाला, काठाजवळ कालच्यापेक्षा गडद आहे. दुसरा म्हणाला, तुला मोतीबिंदू आहे. चहावालाही स्टोव्ह सोडून वाकून बघून गेला.

मग वाडगा माझ्याकडे आला. आतबाहेर एकही भेग रिकामी राहिली नव्हती. साय, साखर आणि आल्याच्या चहाचा दाट, तांबूस रंग सगळीकडे मुरला होता, जपान्यांच्या चहाने चढला नसता इतका. म्हाताऱ्याला फोटोत हे दिसत नव्हतं, अशी शक्यताच नव्हती. मी अजून प्रवासाने शिणलेली होते आणि माझी जीभ माझ्या ताब्यात नव्हती.

"बाबा, झालंय की हे," मी म्हटलं. "पूर्ण रंग आलाय. आता अजून काय राहिलंय?"

तिघंही मित्र माझ्याकडे बघू लागले. बाबांनी माझ्या हातातून वाडगा काढून घेतला, नळाखाली नुसता विसळला, पंच्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला.

"तुला यातलं काही कळत नाही," ते वैतागून म्हणाले. "तळ अजून धरलेला नाही. रोज यावं लागतं." आणि मित्रांकडे वळून म्हणाले, "उद्या पाचला."